चिन्नी आणि बिनआवाजाची गाडी

गाडीच्या चार्जरला थंडी वाजत असेल म्हणून त्यावर पोतं पांघरणारा माणूस कोल्हापुरात एकच झाला, आणि तो म्हणजे वीरभद्रआप्पा गवळी. यात त्यांचं काही चुकलं असं त्यांना शेवटपर्यंत वाटलं नाही. जन्मभर ज्यानं रेडकांवर पोती घातली, त्याच्या हातून दुसरं काय होणार?

आप्पांचं घर गंगावेशीच्या आतल्या अंगाला, एका अरुंद बोळात. मागं गोठा. नव्वदच्या त्या सालांत गोठा भरलेला असायचा. संध्याकाळी म्हशी कट्ट्यावर न्यायच्या, गिऱ्हाईक पेला घेऊन पुढं उभं राहिलं की त्याच्या डोळ्यांदेखत धार काढायची आणि फेसाळतं दूध हातात द्यायचं. बायको रत्नव्वा निपाणीकडची. ती म्हशींशी कानडीत बोलायची आणि नवऱ्याशी मराठीत. कुणी कारण विचारलं तर म्हणायची, "म्हशींसंगं खरं बोलाय लागतंय." आप्पा यावर सगळ्यांत मोठ्यानं हसायचे.

चिन्नी त्याच गोठ्यात जन्मली. तिची आई वितानाच गेली, म्हणून रत्नव्वानं तिला बाटलीनं दूध पाजून वाढवली. कानडीत 'चिन्न' म्हणजे सोनं. म्हस काळी कुळकुळीत, पण नाव सोन्याचं. रत्नव्वा तिला "चिन्नी, बाऽ" अशी लांब हाक मारायची. 'बा' म्हणजे 'ये'. तीच हाक पुढं आप्पांच्याही तोंडात बसली.

ही हाक सगळ्या पेठेला ठाऊक झाली ती पाडव्यामुळं. दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरातले गवळी म्हशी नटवून रस्त्यावर आणतात. शिंगं रंगवलेली, कपाळावर मोरपिसं, गळ्यात कवड्या आणि घुंगरं. मग मालक मोटारसायकलवर बसून पुढं सुटतो आणि म्हस त्याच्यामागं पळते. दोरी नाही, काठी नाही. रस्त्यावर तशा पन्नास गाड्या फटफटत असतात, पण म्हस पळते ती आपल्या धन्याच्या गाडीचा आवाज ओळखून. किक मारून आप्पा ती हाक द्यायचे आणि सुटायचे; त्यांची जुनी राजदूत पुढं आणि चिन्नी मागं, असे पाच-सहा पाडवे गाजले. त्या दिवशी आप्पा सरदारापेक्षा कमी तोऱ्यात नसायचे.

मग रत्नव्वा गेली. पोटात दुखतंय म्हणून दवाखान्यात नेली ती घरी आलीच नाही. त्याच्या पुढच्या वर्षी आप्पा गोठ्यातल्या शेणावरून घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. मुलगा अमरेश कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्यात नोकरीला, बायकोपोरांसह तिकडंच राहणारा. त्यानं आठ दिवसांची रजा काढली आणि आठ दिवसांत सगळा निकाल लावला. म्हशी विकल्या, राजदूत विकली, गोठा धुऊन काढला. पोरगं वाईट नव्हतं. बापाला आता हे झेपणार नाही, हे त्याचं म्हणणं खरंच होतं. खरं बोलणाऱ्या माणसावर रागावता येत नाही, हीच तर अडचण असते.

चिन्नी वडणग्याच्या जोतीरामनं घेतली. जोतीराम तिशीतला, हातापायानं दणकट, म्हशींचा नादी. चिन्नीचा कासरा त्याच्या हातात देताना आप्पांचा हात सुटेना, तेव्हा तोच म्हणाला, "आप्पा, पाडव्याला आणतो की हिला. तुमीच पळवा."

वडणगं काही लांब नाही. नदी ओलांडली की आलंच. पण आप्पांच्या घरात वडिलांपासून एक शिरस्ता होता, की विकलेल्या म्हशीच्या दारात पाय ठेवायचा नाही. जुना धनी दिसला की जनावर बावरतं, दूध चोरतं, पान्हा सोडत नाही. आप्पा गेले नाहीत. पुढच्या पाडव्याला चिन्नी गाभण होती म्हणून जोतीरामनं आणली नाही. मग त्याच्या पुढचा पाडवा आप्पा मनाशी धरून बसले. बाकी धरण्यासारखं त्यांच्यापाशी काही उरलं नव्हतं. चिन्नी आपल्यामागं पळाली म्हणजे या जगात अजून कुणीतरी आपल्या हाकेला येतं, एवढंच त्यांना स्वतःला पटवायचं होतं.

दोन हजार आठच्या उन्हाळ्यात अमरेशनं त्यांना विजेवरची गाडी आणून दिली. तेव्हा त्या नव्या निघालेल्या. लायसन नको, पेट्रोल नको, गिअर नाही, किक नाही. आप्पांच्या खुब्याला मोटारसायकलचं वजन पेलत नव्हतं, पण ही सायकलीच्या थोरल्या बहिणीसारखी हलकी. "कट्ट्यावर जावा, देवळात जावा. घरात बसून गंजू नका," अमरेश म्हणाला, आणि संध्याकाळच्या एसटीनं कागलला गेला.

गाडीबरोबर एक माहितीपत्रकही आलं होतं. आप्पांनी ते नीट घडी घालून खाटेच्या डुगणाऱ्या पायाखाली सारलं. गाडी त्यांना शिकवली ती दुकानातल्या अक्षतानं. शाहूपुरीत नवरा-बायकोनं मिळून दुकान टाकलेलं, नवरा विकायचा आणि ही डिप्लोमा झालेली बाई दुरुस्ती बघायची. बोलायला फटकळ.

"आप्पा, पयल्यांदा किल्ली बंद, मग खाली उतरायचं," तिनं बजावलं होतं. आप्पा पहिल्याच दिवशी किल्ली चालू ठेवून उतरले आणि उंबरा चढवायला गाडी उचलताना मूठ पिळली गेली. गाडी आप्पांना घेऊन थेट सोप्यात शिरली आणि भिंतीला धडकून थांबली. "लई ताकदीची हाय," असं त्यांनी शेजाऱ्यांना कौतुकानं सांगितलं. गुडघा किती सोलला ते सांगितलं नाही.

त्या वर्षी भारनियमन असं होतं की वीज कधी जाईल हे मंडळ सांगायचं, आणि कधी येईल हे मंडळालाही ठाऊक नसायचं. आप्पांनी गाडीची वेळ विजेला जुळवून घेतली. फिरून आलं की गाडी सोप्यात लावायची, जरा निवू द्यायची आणि मग चार्जर जोडायचा. आल्या आल्या जोडायचा नाही, हे मात्र त्यांना चटकन पटलं होतं. "पळून आलेल्या म्हशीला लगेच पाणी दावत न्हाईत, तसंच की हे." चार्जरमध्ये एक बारका पंखा होता, तो घरघरायचा. लाल दिवा हिरवा होईपर्यंत आप्पा खाटेवर बसून ती घरघर ऐकायचे. रत्नव्वा गेल्यापासून त्या घरात आपणहून आवाज करणारं दुसरं काही नव्हतं.

म्हणूनच एका पावसाळी, गारठ्याच्या दिवशी त्यांनी चार्जरवर पोतं पांघरलं. तासाभरात जळका वास सुटला, पोत्याला भोक पडलं आणि सोपा धुरानं भरला. अक्षता चार्जर बघून कपाळाला हात लावून बसली.

"आप्पा, ह्येला वारा लागतोय! झाकला की तापतोय. एखाद दिशी घर पेटंल."

"गार पडलं हुतं गं पोरी."

"ते काय रेडकू हाय व्हय?"

तिनं नवा चार्जर दिला आणि समोर बसवून घोकून घेतलं. दार उघडं ठेवायचं, आजूबाजूला कापडचोपड ठेवायचं नाही, हिरवा दिवा लागला की पिन काढायची, आणि बॅटरी पार उतरेपर्यंत गाडी ताणायची नाही. आप्पांनी सगळं ऐकलं, आणि त्यानंतर पाळलंही.

अमरेशचा फोन रविवारी यायचा. तो विचारायचा, "गाडी बरी हाय?" आप्पा म्हणायचे, "व्हय." तो विचारायचा, "चार्जिंग वेळेवर करताय न्हवं?" आप्पा म्हणायचे, "करतोय की." मग अमरेश म्हणायचा, "बरं, ठेवू?" हे असं बापलेकाचं बोलणं. त्यात बापाची काळजी नव्हती असं कोण म्हणेल? पण ती सगळी गाडीलाच मिळायची.

संध्याकाळी आप्पा गाडीवरून कट्ट्यावर जायचे. तिथं दुसऱ्यांच्या म्हशी, दुसऱ्यांची गिऱ्हाइकं. जरा वेळ "या आप्पा, बसा आप्पा" व्हायचं आणि मग जो तो धारेला लागायचा. आप्पा कडेला गाडीवर बसून राहायचे. निघाले तरी कुणाला कळायचं नाही, कारण गाडीला आवाजच नव्हता. रस्त्यातही तीच तऱ्हा. मागून गाडी आलेली लोकांना कळेना. एकदा भाजीची पिशवी घेऊन चाललेली एक म्हातारी ऐनवेळी आडवी आली, आप्पांनी ब्रेक दाबला म्हणून दोघंही वाचली. म्हातारीनं भर रस्त्यात त्यांचा उद्धार केला. "भुतागत मागनं येतोस, मुडद्या! वराडता येत न्हाय?"

अक्षतानं सांगितलं, "वळणावर हॉर्न वाजवत चला, आप्पा." आप्पांनी हॉर्न तर वाजवलाच, पण घरी जाऊन खुंटीवरची जुनी घुंगरांची माळ काढली आणि हँडलला बांधली. आता बोळातून गाडी निघाली की लोक आपोआप भिंतीला चिकटायचे आणि मागं वळून म्हस शोधायचे. आप्पांना फार दिवसांनी हसू आलं. पण त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पाडव्याला चिन्नी कशाच्या मागं पळणार? राजदूतचा आवाज नाही. मग घुंगरं आहेत आणि हाक आहे. पुरे झालं तेवढं, असं त्यांनी स्वतःला दोन-तीनदा सांगितलं.

खंडेनवमी आली. त्या दिवशी माणसं आपापली हत्यारं, यंत्रं, गाड्या धुऊन पुजतात. आप्पा ज्याच्यावर जगले ते सगळं त्यांनी आजवर एकाच ठिकाणी धुतलं होतं, ते म्हणजे पंचगंगा. त्यांनी विजेवरची गाडी घाटावर नेली, उताराच्या पायरीवरून चाकं बुडतील एवढी पाण्यात उतरवली आणि म्हशीला धुवावी तशी घमेल्यानं पाणी मारून, काथ्यानं घासून, पोटाखाली हात घालघालून धुतली. कुठं चिखल राहू दिला नाही. वर हळदकुंकू, झेंडूची माळ. आणि मग किल्ली फिरवली, तर गाडी मेलेली.

टेम्पोत घालून गाडी दुकानात नेली. अक्षतानं पायाखालची फळी उघडली तर आतून ओंजळभर पंचगंगा बाहेर आली.

"कंट्रोलर गेला," ती म्हणाली. "आप्पा, वल्या फडक्यानं पुसायची असतीया ही. नदीत घालतंय व्हय कोण?"

"आमी समदं नदीतच घालतो," आप्पा म्हणाले. मग हळूच विचारलं, "पाडव्यापतोर हुईल न्हवं?"

नवा भाग पुण्याहून यायचा होता. आप्पा रोज काठी टेकत दुकानात जाऊ लागले. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायचे आणि अक्षता दुसऱ्यांच्या गाड्या उघडायची ते बघायचे. गाडी नुसती उभी असली तरी तिच्या बॅटरीला अधूनमधून पाजावं लागतं, हे तिथंच त्यांना समजलं. अक्षता चहा मागवायची त्यात एक कप त्यांचा असायचा. पाडवा, चिन्नी, जोतीरामचा शब्द, सगळं त्यांनी तिला सांगितलं. तिनं पुण्याला फोनवर फोन करून त्या लोकांना भंडावलं. दिवाळीच्या तोंडावर भाग आला, गाडी सुरू झाली, आणि गाडी घेऊन घरी येताना आप्पांना वाटलं, आता उद्यापासून त्या स्टुलावर बसायला निमित्त राहिलं नाही.

पाडव्याच्या दुपारी घाटाकडचा रस्ता माणसांनी फुलला होता. हलगी वाजत होती. सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकली अशा फटफटत होत्या की शेजारच्याशी बोलायचं तर कानात ओरडावं लागावं. आप्पा फेटा बांधून, गाडी पुरती चार्ज करून आले होते. अमरेशला त्यांनी यायला सांगितलं होतं. त्याला दुसरी पाळी लागली होती.

जोतीराम शब्दाला जागला. चिन्नीला घेऊन तो गर्दीतून येताना दिसला आणि आप्पांचे डोळे भरले. शिंगं तांबडी रंगवलेली, मस्तकावर मोरपिसांचा तुरा, अंगावर तेल चकाकतंय. आणि दोन्ही कुशींवर पिवळ्या रंगात उमटलेले लहान लहान हाताचे पंजे.

"आमच्या पोरींचं," जोतीराम लाजत म्हणाला. "हिच्याबिगर जेवत न्हाईत त्या."

आप्पांनी हात पुढं केला. चिन्नीनं मनगट हुंगलं, जोरात फुर्र केलं आणि खरबरीत जिभेनं चाटलं. तिनं ओळखलं होतं. एवढ्यावर आप्पांनी घरी जायला हवं होतं, असं आपण म्हणू शकतो. पण ते माणूस होते.

जोतीरामनं आपली मोटारसायकल बंद केली. आप्पा गाडीवर बसले, किल्ली फिरवली, घुंगरं हलवली आणि हाक मारली, "चिन्नी, बाऽ!" चिन्नीनं कान टवकारले. गाडी निघाली, चिन्नी निघाली. दहा-पंधरा ढांगा ती त्यांच्या मागच्या चाकाला नाक लावून आली. आप्पांच्या अंगावर काटा उभा राहिला.

मग पुढून आणि बाजूनं इतरांच्या गाड्या सुटल्या. प्रत्येक म्हशीच्या गळ्यात घुंगरं होती, त्यात आप्पांची घुंगरं कुठल्या कुठं विरून गेली. त्यांनी पुन्हा हाक मारली, ती त्यांची त्यांनाच ऐकू आली नाही. आरशात पाहिलं तर चिन्नी भर रस्त्यात थांबलेली. मान वर करून ती ओळखीचा आवाज शोधत होती, आणि पुढं तो आवाज नव्हताच. एक मोटारसायकल तिच्या कानाजवळून गेली, मागून दुसऱ्यांची म्हस धडकली. चिन्नी गरकन फिरली, परत फिरली, तिचे पाय लटपटायला लागले. जोतीरामला दम निघेना. त्यानं किक मारली. तो आवाज कानी पडला मात्र, चिन्नी सुसाट उलटी पळाली आणि त्याच्या गाडीला अंग घासून उभी राहिली.

आप्पा गाडी वळवून आले. किल्ली बंद केली, मग उतरले. चिन्नीच्या कुशी धपापत होत्या आणि त्यांवरचे ते पिवळे पंजे वरखाली होत होते.

"चुकलं माजं, आप्पा," जोतीराम म्हणाला. त्याला मनापासून वाईट वाटलं होतं. "आता आसं करू. समद्यास्नी गाड्या बंद कराय सांगतो. माजं ऐकतील पोरं. तुमी निस्ती हाक मारा. येती का न्हाय बघा."

आणि त्यानं खरंच दोघा-तिघांना हात केला. त्यांनी गाड्या बंद केल्या. आणखी दोघांनी केल्या. सबंध रस्ता एका म्हाताऱ्यासाठी गप्प व्हायला तयार होता. आप्पांनी चिन्नीकडं पाहिलं. ती डोळे मोठे करून एकदा जोतीरामकडं बघत होती, एकदा त्यांच्याकडं.

"नगं," आप्पा म्हणाले.

"आवं, येतीया ती!"

"येतीया म्हणूनच नगं. तिला दोन धनी नगंत, जोतीराम. जनावर फाटतंय. चालू कर तुजी गाडी."

जोतीराम वाकून आप्पांच्या पाया पडला आणि त्यानं गाडी चालू केली. बंद झालेल्या गाड्याही एकेक करून पुन्हा फटफटायला लागल्या. तो पुढं सुटला, त्याच्यामागं चिन्नी.

ती आप्पांच्या अगदी जवळून गेली. हात लांबवला असता तर पाठीला लागला असता. तिथं तिची चाल मंदावली, नाकपुड्या फुगल्या, एक कान आप्पांकडं वळला. इतक्या जवळून एकच शब्द पुरला असता, आणि तो आप्पांच्या ओठांवर आला होता. त्यांनी दात आवळले, श्वास धरला, चकार शब्द काढला नाही. चिन्नीनं जराशी वाट पाहिली. मग जोतीरामचा आवाज लांब जायला लागला, तशी मान खाली घालून ती त्यामागं धावली.

तिचा मोरपिसांचा तुरा वळणाआड दिसेनासा झाल्यावर आप्पांनी तोंड उघडलं आणि ते भर रस्त्यात, लहान पोरासारखे मोठ्यानं रडले. गाड्यांच्या त्या गोंगाटात ते कुणालाच ऐकू गेलं नाही.